पडल्यावर दुखते का?

जागा बघायला गेलो त्या दिवशी घरमालकांनी आम्हाला नाव, गाव, नोकरी, माणसं किती, यांतलं काहीच विचारलं नाही. "चालून दाखवा," म्हणाले.

आई माझ्याकडे बघायला लागली. सकाळपासून कलकत्त्याच्या बालीगंजमध्ये आम्ही चार जागा पाहिल्या होत्या, एकही पटली नव्हती, आणि ही पटली होती. वरचा मजला, दोन खोल्या, दक्षिणेचा वारा, आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकघरात ओटा. तिथल्या जुन्या घरांत चुली जमिनीवर असत, त्यामुळे ओटा बघून आईचा जीव त्यात अडकला होता.

"बाजारातली म्हैस आहे का मी?" ती माझ्या कानात म्हणाली. पण ओट्याकडे एकदा वळून बघितलं, पदर खोचला आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. मग मी गेले. ते उकिडवे बसून आमची पावलं बघत होते. उठताना म्हणाले, "दोघीचा चाल चांगला आहे. राहा."

ही एकोणसत्तर सालची गोष्ट. मी सरकारच्या नकाशे काढणाऱ्या खात्यात होते. तिशीला टेकले होते, लग्न केलेलं नव्हतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. बदलीचा हुकूम आला तेव्हा आईला बरोबर घेतलं आणि कलकत्ता गाठलं. आई तेव्हा एकसष्ट वर्षांची होती आणि पुण्याबाहेर पहिल्यांदाच संसार मांडत होती.

घरमालक तिच्याहून दोन-चार वर्षांनी लहान असतील. जन्म कलकत्त्याचा. त्यांचे आजोबा साताऱ्याकडचे. फौजेबरोबर फोर्ट विल्यमला आले ते घोड्यांची खोगिरं शिवायला. वडिलांनी बूट केले. यांनी पाय. खालच्या मजल्यावर त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबडी खोली, तीन रंधे, चामड्याचा वास आणि भिंतीला ओळीने टेकवलेले लाकडी पाय. मांडीपासूनचे, गुडघ्याखालचे, पूर्ण झालेले, अर्धवट. पहिल्या आठवड्यात आई त्या दाराशी आली की डोळे मिटून जिना चढायची.

त्यांचं मराठी आईकडून आलेलं, आणि आई लहानपणीच गेलेली. बाहेर सगळा व्यवहार बंगालीत. बंगालीत स्त्रीलिंग-पुल्लिंगाची भानगड नाही, त्यामुळे त्यांच्या मराठीतही ती राहिली नव्हती. 'माझा खुर्ची', 'तुमचा आई', 'पाय दुखते'. आई सुरुवातीला दुरुस्त करायची. एकदा ते गंभीरपणे म्हणाले, "दिदी, माझा मराठी जन्मापासून लंगडा आहे. त्याला पाय कोण करणार?" तेव्हापासून तिने नाद सोडला.

त्यांच्याकडे गिऱ्हाईक आलं की मापं घेण्याआधी एकच प्रश्न असे: "कुठे जायचं आहे?" माणूस गोंधळायचा. पाय हवा आहे म्हणजे चालायचंच असणार, त्यात कुठे काय? पण उत्तर मिळाल्याशिवाय ते मोजपट्टी हातात घेत नसत. एक कारकून म्हणाला, सियालदहला लोकलमधून उतरून गर्दीत धक्का न खाता बाहेर पडायचंय. त्याला त्यांनी रुंद पावलाचा, जड पाय दिला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, फक्त पूजेच्या मंडपात देवीसमोर उभं राहायचंय, बाकी कुठे नाही. त्यांच्या पायावर त्यांनी सगळ्यात जास्त दिवस घालवले. "उभा राहणं चालण्यापेक्षा कठीण असतो," ते मला म्हणाले. "चालताना माणूस पडतच असतो. फक्त पुढे पडतो."

पण गल्लीत ते ओळखले जात ते पायांसाठी नाही. ते ओळखले जात रस्त्यात लोकांना अडवण्यासाठी.

कुठलाही उतारवयाचा माणूस लंगडताना दिसला की ते त्याच्या मागे जात. बाजारात, ट्रामच्या थांब्यावर, देवळाच्या पायरीशी. "ओ दादा, एकटू दांडान," जरा थांबा, असं म्हणून समोर उभे राहत आणि विचारत, "शुले ब्यथा कोरे?" आडवं पडल्यावर दुखतं का? चालताना दुखतं, जिना चढताना दुखतं, असं कोणी सांगितलं की ते नमस्कार करून बाजूला होत. ते म्हातारपण. पण स्वस्थ पडून राहिल्यावरही हाड ठणकतं असं कोणी म्हणालं, की मग त्या माणसाची सुटका नसे. एक्स-रे काढा, आजच काढा, मी येतो बरोबर. लोकांना वाटायचं हा तेल विकणारा आहे, नाहीतर कुठल्या तरी डॉक्टरचा दलाल. एका कोळणीने त्यांच्यावर मासे धुतलेलं पाणी फेकलेलं मी स्वतः पाहिलं आहे. ते तसेच ओल्या सदऱ्याने तिला म्हणाले, "पाणी टाक, पण एक्स-रे काढ."

ते दिवसही वाईट होते. भिंतींवर घोषणा, संध्याकाळ झाली की दुकानं पटापट बंद. अनोळखी माणसाने वाटेत अडवलं की लोकांच्या छातीत धस्स व्हायचं. एकदा कोणी तरी तक्रार केली आणि घरमालकांना ठाण्यावर नेलं. मी आणि त्यांच्या कारखान्यातला सुतार धावत गेलो. तिथे पाहतो तर ते अधिकाऱ्याच्या समोर बसलेले आणि चौकशी उलट्या दिशेने चाललेली. अधिकाऱ्याचा गुडघा दुखत होता.

"पडल्यावर?"

"ना, ना. जिना चढताना."

"मग वय आहे," घरमालक उठत म्हणाले. "वजन कमी करा." आणि आम्हाला घेऊन बाहेर पडले. त्यांना जायला कोणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं का, ते मला त्यांच्या वहीवरून कळलं. हाडाच्या कॅन्सरमुळे ज्यांचा पाय कापावा लागला त्यांची ती वही. युद्धात, अपघातात पाय गेलेल्यांची त्यात नावं नव्हती. वर्षातून एकदा ते प्रत्येकाला पोस्टकार्ड टाकत: पाय कसा आहे, तुम्ही कसे आहात. उत्तर कुणाचं येई, कुणाच्या मुलाचं येई. मी रेषा सरळ ओढते असं कळल्यावर त्यांनी ती वही मला नीट आखून द्यायला सांगितली. एका पानावर तरुण, दुसऱ्यावर वय झालेले.

आखता आखता मला दिसलंच. तरुणांच्या पानावरही गेलेल्यांच्या नावांपुढे फुल्या होत्या, पुष्कळ होत्या. पण अधूनमधून एखादं नाव वर्षानुवर्षं तसंच होतं. लग्न झालं, नोकरी लागली, मुलगी झाली, असं पुढे पुढे लिहिलेलं. दुसऱ्या पानावर असं जवळजवळ कोणीच नव्हतं.

"असं का, काका?" मी विचारलं.

"डॉक्टर तीन गोष्ट सांगतात," ते म्हणाले. म्हाताऱ्या माणसात हा रोग कंबरेच्या, पाठीच्या हाडात येतो, तिथे कापता येत नाही. कधी आधीच बिघडलेल्या हाडात येतो. शरीराला ऑपरेशन झेपत नाही. हे सगळं खरं आहे, म्हणाले. मग रंधा खाली ठेवून म्हणाले, "पण चौथी गोष्ट मी बघितला. जवान मुलाला दुखला की त्याचा आई डॉक्टरकडे धावते. म्हाताऱ्याला दुखला की घरचे तेल आणतात."

एकाहत्तरच्या पावसाळ्यानंतर आईने खाली जाणं कमी केलं. आधी भाजीला जाणं बंद झालं, मग शेजारच्या बंगाली बाईंकडे दुपारी बसायला जाणं. मी विचारलं तर म्हणाली, "या गावची हवा मला सोसत नाही." मला वाटलं, तिला पुण्याची आठवण येते आहे. ऑफिसात काम वाढलं होतं, पूर्वेच्या सीमेचे नकाशे रोज मागवले जात होते, आणि मी जास्त विचार केला नाही. एक दिवस तिला भिंत धरून उठताना पाहिलं. गुडघ्याच्या वर दुखतंय, म्हणाली, थंडीने. मी आमच्या ओळखीच्या एका मराठी घरातून आयुर्वेदिक तेलाची बाटली आणली. तीन आठवडे रोज चोळलं. मी, जिने ती वही स्वतःच्या हाताने आखली होती.

आणि आई लपवत होती. डॉक्टरपासून नाही, माझ्यापासूनही तितकंसं नाही. घरमालकांपासून. ते जेवायला आत गेले की ती जिना उतरायची, ते बाजारात गेले की चढायची. "तो माणूस वेडा आहे," ती मला म्हणायची. "एकदा का त्याने बघितलं की माझा पाय कापल्याशिवाय सोडायचा नाही."

त्यांनी बघितलं नाही. ऐकलं. आमचं स्वयंपाकघर त्यांच्या कारखान्याच्या बरोबर वर होतं.

एका सकाळी मी ऑफिसला निघाले तर ते जिन्याच्या मधल्या पायरीवर स्टूल टाकून बसलेले.

"वरचा चाल बदलला आहे," ते म्हणाले. "एक पाऊल लवकर उचलते. किती दिवस झाला?"

"काका, मला उशीर होतोय. आईला थंडीने जरा..."

"किती दिवस?"

माझा तोल गेला. "तुम्हाला सगळ्या जगात तेच दिसतं," मी म्हणाले. "प्रत्येक लंगडणारा माणूस कॅन्सरचा नसतो."

"नसतो," ते शांतपणे म्हणाले. "शंभरदा चुकलो आहे. आज पण चुकलो तर सगळ्या गल्लीसमोर हसा मला. पण मी इथून उठणार नाही."

आवाज ऐकून आई दारात आली. दाराची चौकट धरून उभी राहिली, पाय सरळ ठेवून.

"दिदी, पडल्यावर दुखते का?"

"नाही," आई म्हणाली. "अजिबात नाही. वय झालं, मालक. एवढं तेवढं दुखायचंच."

त्यांनी तिच्या सरळ ठेवलेल्या पायाकडे बघितलं. मग म्हणाले, "माझा बायको पण असाच 'नाही' म्हणाला होता. अकरा महिने. मी पाय करणारा माणूस, आणि मी तिला तेल आणून देत होतो."

त्यांच्या घरात बाई का नाही हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. आईने चौकट सोडली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. बसताना तिच्या तोंडून आवाज निघाला.

"दुखतं," ती म्हणाली. "पडल्यावर जास्त दुखतं."

त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही.

एक्स-रे झाला, मग हाडाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. हाडांचे सर्जन मितभाषी होते. त्यांनी मला सांगितलं ते असं: गाठ कूर्चेपासून निघालेली आहे. कॅन्सरच, पण हळू वाढणारा. उतारवयात हा प्रकार जास्त दिसतो. "हा रोग वेळ देतो," ते म्हणाले, "आणि घरचे लोक तो वेळ घालवतात. गाठ अजून हाडाच्या आत आहे तोवर तुमची आई आली आहे. मांडीतून पाय काढावा लागेल. तरुण मुलगी असती तर मी तुम्हाला विचारलंही नसतं. या वयात ऑपरेशन सोसेल का, नंतर ती उभी राहील का, हे मी सांगू शकत नाही. ठरवा."

मी ठरवू शकले नाही. आईने ठरवलं, पण त्याआधी घरमालकांना वर बोलावलं.

"तुमच्या वहीत माझ्या वयाचे जिवंत किती आहेत?"

मी त्यांच्याकडे बघत होते. ते खोटं बोलतील अशी मला आशा होती.

"जवळजवळ कोणी नाही," ते म्हणाले.

"मग मी कशाला पाय कापून घेऊ?"

"दिदी, त्या पानावर सगळे उशिरा आलेले आहेत. लवकर आलेला म्हातारा माणूस माझ्याकडे अजून आलाच नाही. काय होते, मला पण माहीत नाही. तुम्ही पहिला."

आईने पदर खोचला. मग मला म्हणाली, "रजा काढ."

वॉर्डात आईच्या शेजारच्या खाटेवर शिखा होती. एकवीस वर्षांची, सियालदहहून लोकलने तासाभरावर असलेल्या एका गावची, कॉलेजात शिकणारी. तिचाही डावाच पाय, तोही मांडीतून, आईच्या आधी चार दिवस. लोक म्हणत दोघींना एकच रोग. तसं नव्हतं. शिखाचा वाढत्या वयातला, झपाट्याने पसरणारा प्रकार होता. पण ती बरी होत होती ते बघण्यासारखं होतं. दहाव्या दिवशी कुबड्या घेऊन वॉर्डभर हिंडायला लागली. आई अजून उठून बसताना घामाघूम होत होती. शिखा तिला 'माशिमा', म्हणजे मावशी, म्हणायची आणि तिचं बंगाली ऐकून पोट धरून हसायची. आई तिला पुरणपोळी कशी करतात ते हातवारे करून सांगायची. शिखाचे वडील शाळामास्तर होते. रविवारी यायचे आणि दोघींसाठी दोन सारख्या पेरूंची पिशवी आणायचे.

दोघींचे पाय घरमालकांनीच केले. शिखाला विचारलं, कुठे जायचंय? "सगळीकडे," ती म्हणाली. आईला विचारलं. आई म्हणाली, "कुठे नाही. ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटायच्यात." ते हसले. "तुम्ही कठीण काम दिला."

खरंच कठीण होतं. शिखा तीन आठवड्यांत चालली. आईला सहा महिने लागले. ती पडली, रडली, पाय फेकून दिला, एकदा घरमालकांना नको नको ते बोलली. ते रोज संध्याकाळी पाच वाजता वर येत, तिचा पाय लावून देत आणि समोर बसत. कधी धीर दिला नाही, कौतुक केलं नाही. "डावा खांदा खाली," एवढंच. पहिली पोळी तिने उभ्याने लाटली ती नकाशासारखी झाली होती. ती त्यांनी खाल्ली.

यानंतर जे झालं त्यावर मला वाटतं गल्लीने विश्वास ठेवला नसेल. आई त्यांच्याबरोबर जायला लागली. बाजारात एखादी वयस्क बाई लंगडताना दिसली की ते मागे राहायचे आणि आई पुढे व्हायची. "शुले ब्यथा कोरे?" हे एवढं एकच वाक्य ती अस्खलित बंगालीत बोलायची. बाईने 'वय झालं' म्हटलं की आई निऱ्यांवरून आपल्या मांडीवर बोटांनी ठोकायची. लाकडाचा आवाज आला की बाई गप्प. मग आई हिंदी-मराठीत पुढचं सांगायची. ज्यांना घरमालकांनी पाच-पाच वेळा सांगून ऐकलं नव्हतं अशा तिघी-चौघी एक्स-रेला गेल्या. त्यांतल्या कोणाचंच काही निघालं नाही. घरमालकांना त्याचा इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना संदेशाची मिठाई वाटली.

पुढचं आधी सांगून टाकते. आई आणखी नऊ वर्षं जगली आणि गेली ती हृदयाने. घरमालक तिच्या आधी गेले, आम्ही कलकत्ता सोडल्यावर दोन वर्षांनी. सुताराने पत्र लिहवून कळवलं. आजारी नव्हते, सकाळी रंधा मारताना बसले ते उठले नाहीत.

शिखा मात्र दीड वर्षच होती. आधी खोकला आला. सगळ्यांना वाटलं सर्दी. छातीचा फोटो काढला तेव्हा दोन्ही फुप्फुसांत पसरलं होतं. सर्जन म्हणाले, पाय काढला त्या दिवशीच बहुधा ते तिथे पोचलेलं असणार, फक्त दिसत नव्हतं. नवी औषधं परदेशात निघत आहेत असं ते ऐकून होते. त्यांच्या हातात काही नव्हतं.

तेराव्यानंतर मास्तर तिचा पाय घेऊन कारखान्यात आले. चादरीत गुंडाळून आणला होता. कोणाला तरी उपयोगी पडेल, म्हणाले. पायाचा वरचा भाग ज्याच्या त्याच्या मापाचा असतो, दुसऱ्याला बसत नाही. हे घरमालकांनी त्यांना सांगितलं नाही. दोन्ही हातांनी घेतला.

मग त्यांनी कारखाना बंद ठेवला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. रस्त्यात लोकांना अडवणं थांबलं. आईने खाली डबा पाठवला तर रिकामा परत यायचा, पण ते स्वतः दिसायचे नाहीत. मी एकदा वही मागितली, शिखाच्या नावापुढे लिहायला, तर म्हणाले, "नंतर." शेवटी एका रविवारी दुपारी वर आले. आई पोळ्या करत होती. ते बसले नाहीत.

"दिदी, एक गोष्ट सांगायचा आहे. माझ्याकडे एकच चांगला गुडघा होता."

आम्हाला काही कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. लाकडी पायात गुडघ्याच्या जागी लोखंडी बिजागरी असते. इथे बनते ती लवकर ढिली होते. महायुद्धाच्या वेळी एका गोऱ्या सोल्जरच्या मोडलेल्या पायातून काढलेली एक विलायती बिजागरी त्यांनी पंचवीस वर्षं जपून ठेवली होती. आई आणि शिखा, दोघींचे पाय एकाच महिन्यात करायला घेतले, तेव्हा ती त्यांनी बाहेर काढली.

"तिला दिला," ते म्हणाले. "तुम्हाला देशी दिला. तुम्ही तीनदा पडला, ती बिजागरीमुळे. तुमचा दोष नव्हता. मी बोललो नाही."

आईने तवा उतरवला.

"मी सगळ्या आयुष्यात लोकांना शिव्या दिला," ते म्हणाले. "वय झाला, वय झाला म्हणतात म्हणून. आणि गुडघा द्यायची वेळ आली तेव्हा मी पण वय बघितला. मला वाटला, ही पन्नास वर्षं चालेल. तुम्ही दोन वर्षं."

मी काही तरी बोलायला गेले. आईने हाताने थांबवलं.

"मीही तिलाच दिला असता," ती म्हणाली. "तुम्ही मला दिला असतात आणि मला कळलं असतं, तर मी तो काढून तिला दिला असता. यात चूक काय?"

"चूक नाही," ते म्हणाले. "पण मी विचार केलाच नाही, दिदी. हात आपोआप तिच्याकडे गेला. सगळ्यांचा जातो तसा."

आईने हात धुतले. तिने त्यांच्यासमोर पाट सरकवला आणि जेवायला वाढलं. ते जेवले. ताट बाजूला सारताना म्हणाले, "ती बिजागरी आता तुमच्या पायात बसवतो."

आईने ताट उचलता उचलता तसंच खाली ठेवलं. "पोरीच्या पायातली?"

"लोखंड आहे."

"तुम्हाला लोखंड," ती म्हणाली. मग ताट पुन्हा उचलत: "तिच्या वडिलांना विचारा. पत्राने नाही. जाऊन."

ते दुसऱ्या दिवशी सियालदहहून गाडी धरून गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. परत आले, बिजागरी बसवली, आणि दोन दिवसांनी कारखाना उघडला. आई पूर्वीपेक्षा खरोखर बरी चालायला लागली. बाजारात जाणं सुरू झालं. त्यांचंही.

महिन्याभराने मास्तर आले. हातात पेरूंची पिशवी होती. घरमालक त्यांना घेऊन वर आले. आईने त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि चहा टाकायला आत वळली. चार पावलं गेली असेल, तोच मास्तरांनी मान वर केली.

त्या बिजागरीचा एक आवाज होता. पाय सरळ झाला की टक्, असा. आम्हाला त्याची सवय झाली होती.

"हाच," मास्तर बंगालीत म्हणाले. "कॉलेजातून आली की हा आवाज आधी यायचा. मग ती."

घरमालक चटकन उठले. "आत चामड्याची पट्टी घालतो," ते म्हणाले. "आवाज बंद होईल. आत्ता घालतो."

"थाक," मास्तर म्हणाले. राहू दे.

आई ओट्याशी उभी होती. तिला बंगाली बेताचंच कळायचं, पण हे कळलं असावं. तिने चहा आणून ठेवला. मग साखर आणायला गेली, साखर चहात होतीच. मग पाणी आणलं. मग चिवड्याची बशी, मग दुसरी बशी, मग पहिली बशी परत न्यायला आली. "अगं, मी आणते ना," मी म्हणाले तर माझ्याकडे असं बघितलं की मी जागची हलले नाही. मास्तर कप हातात धरून बसले होते, चहा प्यायचं विसरून. घरमालक तिची पावलं बघत होते.

त्या दुपारी आईने त्या दोन खोल्यांतून नको तितक्या फेऱ्या मारल्या.